पिशवीतील औषध आणि बाजाराचे मौन

औषध महाग की स्वस्त, खरे की बनावट, सरकारी रुग्णालयात उपलब्ध की अनुपलब्ध, या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे नेहमीच होत असते आणि ती व्हावयासही हवी. तथापि निर्दोष औषध रास्त भावात रुग्णाच्या हाती पडल्यानंतरही एक प्रश्न शिल्लक राहतो व त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हे औषध ज्या द्रवात मिसळावयाचे त्या द्रवाशी, आणि त्यात अगोदरच घातलेल्या दुसऱ्या औषधाशी, त्याचे जुळते काय? आणि जुळत असेल तर किती तास, किती दिवस? मूत्रपिंडे निकामी झालेल्या ज्या रुग्णांवर पोटातून डायलिसिस केले जाते, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न रुग्णालयाच्या चार भिंती ओलांडून राहत्या घरात येऊन पोहोचतो. वरवर पाहता हा निव्वळ रसायनशास्त्राचा विषय वाटेल. वस्तुतः सर्वांच्या उपयोगाचे ज्ञान कोणी निर्माण करावयाचे व त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, या अर्थशास्त्रातील जुन्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

पोटातील पडदा आणि दोन लिटरची पिशवी

डायलिसिस म्हटले की यंत्रातून रक्त फिरवून शुद्ध करण्याची पद्धत बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये असे यंत्र अपरिहार्य नसते. पोटातील आतडी वगैरे इंद्रियांवर जे पातळ आवरण असते, ज्याला पर्युदर म्हणतात, तेच येथे गाळणीचे काम करते. पोटात कायम बसविलेल्या नळीतून साखर व क्षार असलेला द्रव आत सोडावयाचा, काही तास तेथे ठेवावयाचा आणि रक्तातील निरुपयोगी द्रव्ये त्यात उतरली की तो काढून टाकावयाचा. १९२३ मध्ये जर्मनीत गेओर्ग गांटर यांनी या कल्पनेचा रुग्णावर प्रयोग केला. १९७६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात पोपोविच व मॉन्क्रिफ यांनी तिला अखंड चालणाऱ्या घरगुती उपचाराचे स्वरूप दिले, आणि त्यानंतर थोड्याच काळात टोरांटो येथील डॉ. ओरिओपोलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरात आणल्याने ती पद्धत खऱ्या अर्थाने सुलभ झाली.

सर्वसाधारणपणे दोन लिटरची पिशवी दिवसातून चार वेळा बदलावी लागते. म्हणजे दिवसाला आठ लिटर आणि वर्षाला सुमारे २,९०० लिटर द्रव एका माणसाच्या पोटातून ये-जा करतो. या पद्धतीचा मोठा गुण असा की, आठवड्यातून दोन-तीन वेळा शहरातील केंद्रावर जाऊन चार-चार तास यंत्राशेजारी पडून राहण्याची गरज उरत नाही. शिक्षक शाळेत जाऊ शकतो, कारकुनाची नोकरी टिकते, आडगावातील रुग्णाची पायपीट वाचते. हाँगकाँगने १९८५ पासून या पद्धतीला प्रथम पसंती दिली. थायलंडने २००८ मध्ये तसेच धोरण स्वीकारले व २०२२ मध्ये रुग्णाला निवडीची मोकळीक दिली. आपल्याकडे २०१६ मध्ये पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्या कार्यक्रमात पेरिटोनियल डायलिसिसचा समावेश करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढण्यात आल्या. दिशा योग्य आहे. परंतु उपचार घरोघर न्यावयाचा तर त्याला आवश्यक असलेले ज्ञानही तितक्याच दूर न्यावे लागते, याचे भान मात्र तितकेसे दिसत नाही.

दोष कोठे संभवतो

या पद्धतीतील सर्वांत मोठे भय म्हणजे पर्युदराला होणारा जंतुसंसर्ग. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसतो, पोट दुखू लागते, आणि उपचारास विलंब झाल्यास नळी काढून टाकण्याची पाळी येते. प्रसंगी प्राणावरही बेतते. अशा वेळी प्रतिजैविक औषध शिरेतून देण्यापेक्षा थेट डायलिसिसच्या द्रवात मिसळून पोटात सोडणे अधिक श्रेयस्कर, असे या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शिका सांगते. जेथे जंतू आहेत तेथेच औषध भरपूर प्रमाणात पोहोचते, हे त्यामागील साधे कारण होय. दिवसातून एकदाच औषध द्यावयाचे तर ती पिशवी निदान सहा तास पोटात ठेवावी लागते आणि उपचार बहुधा दोन ते तीन आठवडे चालतो. याशिवाय गुठळ्यांनी नळी तुंबू नये म्हणून हेपॅरिन, मधुमेही रुग्णांसाठी इन्शुलिन, रक्तातील पोटॅशियम कमी झाल्यास पोटॅशियम क्लोराइड, अशीही भर त्याच पिशवीत घातली जाते.

आता ही पिशवी म्हणजे काही शुद्ध पाण्याची पिशवी नव्हे. तिच्यात द्राक्षशर्करा, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लॅक्टेट असते. नेहमीच्या वापरातील द्रव आम्लधर्मी असून त्याचा सामू साडेपाचाच्या आसपास किंवा थोडा खालीच असतो. तो असा ठेवण्याला कारण आहे. निर्जंतुक करण्यासाठी द्रवाला उष्णता द्यावी लागते, आणि सामू जास्त असेल तर त्यातील साखर, चुलीवरचा पाक करपावा तशी, बिघडू लागते. म्हणजे द्रव टिकावा म्हणून जी परिस्थिती निर्माण केली, तीत आगंतुक औषध टिकेलच अशी खात्री देता येत नाही. अलीकडच्या दोन कप्प्यांच्या पिशव्यांतील द्रव शरीराच्या सामूच्या जवळ असतो. पण म्हणूनच जुन्या पिशवीत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष नव्या पिशवीला डोळे मिटून लागू करता येत नाहीत.

हे न जुळणे निरनिराळ्या प्रकारचे असते. पहिला प्रकार डोळ्यांना दिसणारा. व्हँकोमायसिन व सेफ्टाझिडिम ही दोन औषधे संसर्गाच्या आरंभी पुष्कळदा जोडीने दिली जातात, कारण एकाचा रोख एका गटातील जंतूंवर, तर दुसऱ्याचा दुसऱ्या गटातील जंतूंवर असतो. पहिले औषध आम्लधर्मी, तर दुसऱ्याच्या कुपीत विरघळण्यासाठी सोडियम कार्बोनेट घातलेले असल्याने ते त्याच्या उलट स्वभावाचे. दोन्ही एकाच सिरिंजमध्ये ओढली की साका तयार होतो. मात्र हीच दोन औषधे वेगवेगळ्या सिरिंजांनी, एक लिटरपेक्षा अधिक द्रव असलेल्या पिशवीत घातली तर गुण्यागोविंदाने नांदतात. औषधे तीच, रुग्ण तोच. फरक काय तो विरलतेचा व घालण्याच्या रीतीचा. 'ही दोन औषधे जुळतात का?' या प्रश्नाला नुसते 'हो' किंवा 'नाही' हे उत्तर किती अपुरे आहे, ते एवढ्या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो दिसत नाही. जेंटामायसिनसारखे ॲमिनोग्लायकोसाइड गटातील औषध आणि पेनिसिलिन गटातील औषध एकत्र केल्यास रासायनिक क्रिया होऊन त्यांची शक्ती क्षीण होते. द्रव मात्र नितळच राहतो. रंग बदलत नाही, गाळ बसत नाही. परिचारिकेने कितीही बारकाईने पिशवी उजेडात धरून पाहिली तरी तिला काही समजावयाचे नाही. म्हणून ही दोन्ही एकाच पिशवीत घालू नयेत, असा स्पष्ट दंडक आहे. तिसरा प्रकार प्लॅस्टिकचा. इन्शुलिनचा काही अंश पिशवीच्या व नळीच्या आतील बाजूस चिकटून राहतो. त्यामुळे जितके घातले तितके रुग्णाला मिळत नाही. कॅल्शियमची गोष्ट तर साऱ्या जगाने ऐकली आहे. सेफ्ट्रियाक्सोन व कॅल्शियमयुक्त द्राव शिरेतून एकत्र गेल्याने काही नवजात अर्भकांच्या फुप्फुसांत व मूत्रपिंडांत साका जमून मृत्यू ओढवल्याचे आढळल्यावर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. ते उदाहरण डायलिसिसचे नव्हे. पण मिश्रणाविषयीचे अज्ञान किती महागात पडू शकते, याचे ते साक्षीदार आहे.

दिवसांचा हिशेब

मिश्रण किती काळ टिकते, याचे मोजमाप काही औषधांपुरते झालेले आहे. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत त्याचे आकडे मिळतात. लिटरला २५ मिलिग्रॅम या प्रमाणातील व्हँकोमायसिन साध्या खोलीत २८ दिवस टिकते. लिटरला ८ मिलिग्रॅम जेंटामायसिन १४ दिवस टिकते, पण हेपॅरिन मिसळल्यास ती मुदत घटते. लिटरला ५०० मिलिग्रॅम सेफॅझोलिन बाहेर निदान ८ दिवस व फ्रिजमध्ये १४ दिवस राहते आणि हेपॅरिनने त्याला बाधा येत नाही. सेफ्टाझिडिम त्या मानाने नाजूक. लिटरला १२५ मिलिग्रॅम या प्रमाणात बाहेर ४ दिवस व फ्रिजमध्ये ७ दिवस. हे आकडे विशिष्ट प्रमाणाचे व विशिष्ट द्रवाचे आहेत. प्रमाण बदलले की आकडा बदलू शकतो, हे येथे विसरता कामा नये.

कोरडे वाटणारे हे आकडे सामान्य कुटुंबाच्या खर्चाशी निगडित आहेत. घरी औषध मिसळणे ज्यांना जमत नाही, अशा रुग्णाला केंद्रातून तयार पिशव्या न्याव्या लागतात. सेफॅझोलिन दिवसातून एकदा, असा दोन आठवड्यांचा उपचार धरला आणि मिश्रण आठ दिवस टिकते हे केंद्राला ठाऊक असले, तर दोन फेऱ्यांत काम भागते. ते ठाऊक नसेल तर सावधगिरी म्हणून 'रोज या' असे सांगण्यावाचून गत्यंतर नाही; म्हणजे चौदा फेऱ्या. प्रत्येक फेरीला रुग्णाचे व सोबतच्या माणसाचे एस.टी.चे भाडे आणि सोबत्याचा एक दिवसाचा रोज. टिकाऊपणाचा एकेक दिवस म्हणजे अशा रीतीने वाचलेली मजुरी होय. उलट मुदतीचा विचार न करता पिशव्या भरून दिल्या, तर रुग्णाला औषधाऐवजी औषधाचे अवशेष मिळणार, संसर्ग हटणार नाही आणि अखेर नळी काढून त्याला यंत्रावरील डायलिसिसकडे वळावे लागणार. अर्धवट शक्तीच्या प्रतिजैविकाने जंतू मरण्याऐवजी निर्ढावतात, हा समाजावर पडणारा बोजा तर निराळाच.

यात आपल्या हवामानाची एक मेख आहे. प्रयोगशाळेतील 'साधी खोली' म्हणजे सुमारे २५ अंशांची खोली. भोवतालचे तापमान वाढले की व्हँकोमायसिनची मुदत कमी होते, असे त्याच मार्गदर्शिकेत नमूद आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पत्र्याच्या छपराखालची खोली रात्रीही निवत नाही, आणि विजेचा भरवसा नसेल तेथे फ्रिज असूनही नसल्यासारखा. थंड देशातील खोलीत मोजलेला काळ या घराला कसा लागू पडावा?

बाजार गप्प का राहतो

इतक्या उपयोगाची माहिती सर्वत्र सहज का सापडत नाही, याचे उत्तर कोणाच्या दुष्टाव्यात शोधण्याचे कारण नाही. ते प्रोत्साहनांच्या रचनेत आहे. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये सार्वजनिक वस्तूंची जी मीमांसा केली, ती येथे तंतोतंत लागू पडते. अमुक मिश्रण अमुक तापमानात अमुक दिवस टिकते, हे एकदा सिद्ध झाले की ते ज्ञान कितीही जणांनी वापरले तरी कमी होत नाही आणि वापरणाऱ्याला अडविताही येत नाही. व्हँकोमायसिनला अमेरिकेत १९५८ मध्ये मान्यता मिळाली. जेंटामायसिनचा शोध १९६३ चा. ही सारी औषधे आता पेटंटमुक्त असून अनेक कंपन्या ती तयार करतात. एकीने पैसे खर्चून चाचणी केली, तर तिचा लाभ तिच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांना फुकट मिळणार. मग तो खर्च करावा कोणी? द्रवाच्या पिशव्या बनविणारा आपल्या द्रवाची हमी देतो, औषध बनविणारा आपल्या कुपीची. दोन्ही एकत्र आल्यावर काय घडते, हा प्रश्न दोघांच्याही कुंपणाबाहेरचा ठरतो.

औषधासोबतच्या पत्रकांवरून हे स्पष्ट दिसते. व्हँकोमायसिन पोटातील द्रवातून देणे ही जगभरची रूढ पद्धत. परंतु त्याच्या अमेरिकेतील पत्रकात या मार्गाची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, असेच म्हटले आहे. उलट सेफ्टाझिडिमच्या तेथील पत्रकात दोन लिटर डायलिसिस द्रवात २५० मिलिग्रॅम घालता येते, असा स्पष्ट उल्लेख सापडतो. म्हणजे मनात आणले तर अशी माहिती पत्रकात देता येते. फक्त ती मनात आणण्याची सक्ती कोणावर नाही.

केनेथ ॲरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेचे वैशिष्ट्य अनिश्चिततेत शोधले होते. येथे खरेदीदाराला तर माहिती नसतेच, पण विकणाऱ्यालाही ती मिळविण्याची गरज भासत नाही. रुग्ण बरा झाला नाही तर दोष जंतूंना, वयाला किंवा नशिबाला दिला जातो. पिशवीत मिसळताच निकामी झालेल्या औषधाचे नाव कोणाच्या तोंडी येत नाही. ज्या चुकीचा पत्ताच लागत नाही, ती बाजार आपणहून दुरुस्त करील, ही अपेक्षाच व्यर्थ होय.

आक्षेप आणि उपाय

तज्ज्ञ डॉक्टरांना हे सारे ठाऊक असतेच, असे यावर म्हटले जाईल. मोठ्या शहरांतील मूत्रपिंडतज्ज्ञांपुरते ते बहुधा खरेही असेल. परंतु ज्याची पिशवी रात्री गढूळ निघते तो गडचिरोली वा नंदुरबार जिल्ह्यातील रुग्ण प्रथम जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जातो. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने आयुष्यात अशा दोन-चार केसेस पाहिल्या असतील, नसतील. अंतर तोडणे हाच ज्या उपचाराचा गुण, त्याचे ज्ञान महानगरात अडकून पडावे, हा अंतर्विरोध आहे. दुसरा आक्षेप रुग्णसंख्येचा. यंत्रावरील डायलिसिसच्या तुलनेत हे रुग्ण थोडे, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पण चाचणीचा खर्च एकदाच करावयाचा असतो व संख्या वाढेल तसा तो दरडोई घटत जातो. शिवाय जो उपचार वाढावा असे सरकारी धोरणच म्हणते, त्याची पायाभरणी रुग्ण वाढल्यावर करावयाची, हे नियोजन नव्हे. तिसरा आक्षेप असा की, माहिती प्रसिद्ध केल्यास लोक स्वतःच औषधे मिसळू लागतील. त्यावर तोडगा आहे. प्रमाणांचे व मुदतीचे कोष्टक डॉक्टर, औषधनिर्माते व परिचारिका यांच्यासाठी असावे. घरच्यांसाठी मराठीत निराळे पत्रक असावे आणि त्यात मुख्यतः निषेध असावेत: सांगितल्याशिवाय पिशवीत काही घालू नये, दोन औषधे एका सिरिंजमध्ये घेऊ नयेत, साका किंवा रंग दिसल्यास पिशवी वापरू नये, नितळ दिसते म्हणून मुदत संपलेली पिशवी चालेल असे समजू नये.

यासाठी नवे महामंडळ स्थापण्याची आवश्यकता नाही. औषधांची राष्ट्रीय सूत्रावली भारतीय औषधकोश आयोगाकडून प्रसिद्ध होते. तीत डायलिसिस द्रवातील मिश्रणांचे एक प्रकरण घालता येईल. मिश्रणांची माहिती एकत्र करणारा ट्रिसेल यांचा ग्रंथ अमेरिकेत रुग्णालयीन औषधनिर्मात्यांच्या संघटनेने १९७७ मध्येच काढला, आणि तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघत आल्या आहेत. आपल्याकडील सरकारी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रबंधासाठी विषय हवेच असतात. भारतात विकल्या जाणाऱ्या पिशव्यांत, भारतात विकल्या जाणाऱ्या औषधांची, ३५ व ४० अंशांना चाचणी घेणे हा त्यांच्या आवाक्यातील व प्रत्यक्ष उपयोगाचा विषय आहे. या पिशव्या सरकार निविदा काढून घेते. निविदेच्या अटींत नेहमीच्या सहा-सात औषधांबाबतची माहिती पुरविण्याची अट घातली, तर आजवर मौन पाळणाऱ्या निर्मात्याला बोलावे लागेल. मोठ्या ग्राहकाने आपल्या खरेदीशक्तीचा असा उपयोग करावयाचा नाही, तर करावयाचा कशासाठी? आणि जिल्हा डायलिसिस केंद्रात प्रशिक्षित औषधनिर्मात्याला केवळ साठ्याच्या वहीपुरते न ठेवता मिश्रणाची जबाबदारी दिली पाहिजे. रुग्णालयात काम करू शकणारे औषधतज्ज्ञ घडावेत म्हणून २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम सुरू झाला. त्या शिक्षणाचे चीज होण्याची ही जागा आहे.

सार्वजनिक आरोग्याचा हिशेब मांडताना खाटा, यंत्रे, पिशव्या यांची गणती होते, कारण त्या मोजता येतात व त्यांचे उद्घाटनही करता येते. दोन औषधे एकमेकांत मिसळू नयेत, एवढे सांगणाऱ्या एका ओळीचे उद्घाटन होत नाही. परंतु उपचाराचा खर्च सरकारने सोसला, औषध खरे निघाले, घरच्यांनी हात धुऊन नेमाने पिशव्या बदलल्या, आणि तरीही एका ओळीच्या अभावी ते सारे वाया गेले, तर त्या नुकसानीची नोंद कोणत्याही ताळेबंदात होणार नाही. ती रुग्णाच्या देहावर होईल. जे ज्ञान बाजार विकू शकत नाही, ते समाजाने विकत घेऊन सर्वांना वाटले पाहिजे. घरोघरी डायलिसिस नेण्याचा संकल्प सोडणाऱ्या शासनाने ही एक ओळही त्या पिशवीबरोबरच घरोघर पोहोचवावी, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती मुळीच अवाजवी नाही.